रांगोळीचे ठिपके आणि आईच्या गळ्याची गाठ

पत्र आठ पानी आहे. त्यातला गाभा तेवढा इथे देते.

«ताई, माझी मुलगी बारा वर्षांची, सातवीत आहे. आम्ही तासगाव तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. पोरगी रांगोळी फार सुरेख काढायची. यंदा गौरीच्या दिवशी अंगणात ठिपके मांडायला बसली तर ओळच धरेना. लक्ष कुठंय म्हणून मी रागावले. मग सायकलवरून दोनदा पडली, दोन्ही वेळा उजव्या अंगावर. सकाळी उठली की डोकं दुखतंय म्हणायची, एखाद्या दिवशी उलटी. शाळेच्या दिवशीच दुखतं म्हणून आम्हाला बहाणा वाटला. आधी पित्ताची औषधं झाली, मग चष्म्याचा नंबर बदलून झाला. शेवटी मिरजेला एमआरआय केला. लहान मेंदूच्या उजव्या बाजूला पट्ट्यापट्ट्यांचं काहीतरी वाढलंय, ‘लर्मिट-डुक्लोस असण्याची शक्यता’ असं रिपोर्टात आहे. पाण्याच्या पोकळ्या अजून फुगलेल्या नाहीत, पण चौथ्या पोकळीवर थोडा दाब आहे म्हणे. तिथले डॉक्टर म्हणाले, थांबू, सहा आठवड्यांनी परत फोटो काढू. दीर पुण्याला घेऊन गेले, तिथले म्हणाले, काढून टाकलेलं बरं. आता आम्ही कुणाचं ऐकायचं? सासूबाई म्हणतात, मेंदूला सुरी लागली की पोर हातची जाते, आणि बाहेर कुणाला सांगू नका, पुढं लग्नाला अडचण होईल. शेजारच्या काकू कॅन्सरच म्हणतात. आमच्या घराण्यात असं कुणाला काही नाही. माझी तेवढी थायरॉइडची गाठ चार वर्षांपूर्वी काढली, पण ती साधी निघाली. पोरीचं डोकं जन्मापासून मोठं, आजोबा म्हणायचे कलेक्टर होणार. हे माझ्या रागावण्यानं, नाहीतर पडल्यानं झालं का? शाळा बंद करू का? छाटणी तोंडावर आहे, यांना बाग सोडवत नाही आणि मला झोप लागत नाही. – एक आई»

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लेकीसाठी आणि दुसऱ्यांदा तुमच्यासाठी. दुसऱ्यांदा का, ते पुढे सांगते.

आधी तुमच्या मनावरचा दगड उतरवू. तुमच्या रागावण्यानं किंवा सायकलवरून पडल्यानं हे झालेलं नाही. ती पडली म्हणून मेंदूत काही वाढलं असं नाही, मेंदूत वाढत होतं म्हणून ती पडली. आणि वाकडे ठिपके पहिल्यांदा कुणाच्या डोळ्यांना दिसले? तुमच्याच. लहान मेंदूचा बिघाड तपासताना आम्ही डॉक्टर मुलाला स्वतःच्या नाकाला आणि मग आमच्या बोटाला हात लावायला सांगतो. बोट जागेवर पोचायच्या आधी थरथरतं का, पुढे निघून जातं का, ते बघतो. चिमटीतून रांगोळी सोडत नेमक्या अंतरावर ठिपका टाकायचा हीसुद्धा तीच परीक्षा, उलट जरा अवघडच. तुमच्या अंगणात ती गौरीच्या दिवशीच होऊन गेली, फक्त निकाल वाचायला कुणी नव्हतं.

लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर असतो. आकारानं अख्ख्या मेंदूच्या दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी जवळपास ६९ अब्ज एकट्या त्याच्यात. चाल, तोल, हाताचा नेम, बोलण्याची लय हे सगळं तो जुळवतो. मी मिरजेजवळ राहते, तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीतून जाणं-येणं असतं, म्हणून मला नेहमी एक गोष्ट आठवते. जवारी लावणारा कारागीर स्वतः मैफिलीत गात नाही, पण घोडीवरचा दोरा केसभर सरकला तरी गवय्याचा सूर उघडा पडतो. लहान मेंदूचं काम त्या दोऱ्यासारखं आहे. हात हलवायचा हुकूम मोठा मेंदू देतो, तो नेमका किती हलवायचा ते हा बघतो. आणखी एक. मोठ्या मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, पण लहान मेंदूचा कारभार सरळ आहे. उजवा भाग बिघडला की उजवाच हात आणि उजवाच पाय चुकतो. तुमची लेक दोन्ही वेळा उजव्या अंगावर पडली आणि रांगोळीचा हातही उजवा. रिपोर्टातल्या जागेशी हे सगळं तंतोतंत जुळतं.

‘शाळेच्या दिवशीच दुखतं’ म्हणता, त्याबद्दल एक विचारते. रविवारी दुखतं का, हे तिला कुणी विचारलं होतं का? रात्रभर आडवं झोपल्यानं डोक्यातला दाब वाढतो, म्हणून असं दुखणं पहाटे किंवा उठल्या उठल्या जोरात असतं, आणि उलटी झाली की थोडा उतार पडतो. पित्ताचं दुखणंही असंच वाटतं. माझी स्वतःची चूक सांगते. दवाखाना नवा होता तेव्हा सकाळच्या उलट्या होणाऱ्या एका मुलाला मी तीन आठवडे जंतांचं औषध देत राहिले. डोळ्यात बॅटरी मारली, घसा बघितला, पोट दाबलं, पण त्याला सरळ रेषेत चालायला एकदाही सांगितलं नाही. त्याची आजी म्हणाली, ‘बाई, हा हल्ली भिंतीला धरून चालतोय,’ तेव्हा माझे डोळे उघडले. तेव्हापासून सकाळची उलटी आणि डोकेदुखी घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाला मी फरशीच्या रेघेवर टाचेला पंजा लावून चालवते. फी तेवढीच असते, वेळ अर्धा मिनिट लागतो.

आता त्या नावाकडे येऊ. लेर्मित आणि द्युक्लो या दोन फ्रेंच डॉक्टरांनी १९२० मध्ये याचं पहिलं वर्णन केलं, आपल्याकडे त्याचं ‘लर्मिट-डुक्लोस’ झालं. शंभर वर्षांत जगभरच्या वैद्यकीय लिखाणात असे रुग्ण काही शेच नोंदले गेले, तेही बहुतेक विशी ते चाळिशीतले. बाराव्या वर्षी हे दिसणं दुर्मिळातलं दुर्मिळ, त्यामुळे तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांनी हे नाव ऐकलं नसेल तर त्यांना नावं ठेवू नका. यात होतं असं की लहान मेंदूच्या बारीक घड्या जाड होतात, त्यांतल्या एका थरात भलत्याच मोठ्या पेशी येऊन बसतात, आणि ती बाजू हळूहळू फुगत जाते. एमआरआयमध्ये गडद-फिकट असे आलटून-पालटून पट्टे दिसतात, डॉक्टर त्यांना वाघाचे पट्टे म्हणतात. ही गाठ म्हणायची की मेंदूच्या जडणघडणीतली चूक म्हणायची, यावर जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत मात्र ती पहिल्या, म्हणजे सगळ्यात सौम्य श्रेणीत आहे. ही कॅन्सरसारखी शरीरभर पसरत नाही. हिला केमो किंवा किरणांची गरज सहसा पडत नाही. काकूंना एवढं सांगा आणि चहा द्या.

पण ‘साधी’ या शब्दावर फार विसंबू नका. गाठ साधी असली तरी जागा साधी नाही. डोक्याच्या मागचा तो कप्पा हाडाचा, चारी बाजूंनी बंद. लहान मेंदूच्या पुढे लागूनच श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा मेंदूचा देठ आहे, आणि दोघांच्या मध्ये चौथी पोकळी. मेंदूत रोज तयार होणारं पाणी तिच्यातून बाहेर पडतं. पाटाला लव्हाळं वाढलं तर आधी काय होतं हे बागायतदाराच्या घरात मी सांगायला नको. पाणी तुंबतं आणि वरचा बांध फुगतो. तुमच्या लेकीच्या बाबतीत ‘कॅन्सर आहे का’ हा मुख्य प्रश्नच नाही. पाणी वाहतंय का, आणि किती दिवस वाहणार, हे बघायचं आहे.

हे धरून चाललं तर तुमचे दोन डॉक्टर एकमेकांच्या विरोधात बोललेत असं मला वाटत नाही.

मिरजेचे डॉक्टर सहा आठवडे थांबा म्हणाले त्यामागे एक चांगलं कारण असू शकतं, ते त्यांनी गर्दीत तुम्हाला समजावलं नसेल. मुलांमध्ये एखाद्या विषाणूच्या तापानंतर लहान मेंदूला सूज येते, आणि ती कधी कधी एकाच बाजूला येते. एमआरआयमध्ये ती हुबेहूब अशीच पट्टेदार दिसू शकते. ती काही आठवड्यांत उतरायला लागते, तेव्हा फोटो पुन्हा काढला तर सुजेचा आकार कमी झालेला दिसतो. लर्मिट-डुक्लोस असेल तर तो तसाच राहतो. बारा वर्षांच्या मुलीचं डोकं उघडायच्या आधी ही शंका फेडून घेणं शहाणपणाचं आहे. तुमच्या पत्रात तापाचा उल्लेख नाही, आणि तिचा त्रास बऱ्याच आठवड्यांपासून हळूहळू वाढतोय, म्हणून सूज असण्याची शक्यता मला कमी वाटते. तरी ठिपके बिघडायच्या आधीच्या महिन्यात ताप, गालगुंड, कांजिण्या, जुलाब असं काही झालं होतं का ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा.

पुण्याच्या डॉक्टरांच्या बाजूनंही बोलते. तिला त्रास आहे, आणि चौथ्या पोकळीवर दाब सुरू झालाय. उद्या पाणी तुंबलं तर घाईत, रात्री-अपरात्री शस्त्रक्रिया करण्यापेक्षा ठरवून केलेली बरी, हा विचार चुकीचा नाही. शिवाय एमआरआय कितीही छान निघाला तरी शंभर टक्के खात्री काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनंतरच होते. मेड्युलोब्लास्टोमा नावाची मुलांमधली खरी कॅन्सरची गाठही लहान मेंदूतच होते. ती सहसा वेगळी दिसते आणि फार वेगानं वाढते, पण क्वचित तीही फसवते. आपल्याकडे टीबीची गाठ हीसुद्धा एक शक्यता असते, फोटोत ती बहुतेक वेळा अंगठीसारखी दिसते आणि गोळ्यांनी बरी होते. पाण्याची साधी पिशवी किंवा पायलोसिटिक ॲस्ट्रोसायटोमा नावाची गाठ, मुलांच्या लहान मेंदूत नेहमी आढळणाऱ्या या गोष्टी. त्यातली ॲस्ट्रोसायटोमाही पहिल्याच श्रेणीची, आणि ती पूर्ण निघाली तर बहुतेक मुलं कायमची बरी होतात. पण रिपोर्ट या कशाकडेच बोट दाखवत नाही, म्हणून मी तिथं रेंगाळत नाही.

मग करायचं काय? याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि बाहुली मोठी करून आतला पडदा बघायला सांगा. नंबर तपासू नका म्हणावं, तो तपासून झालाय. डोक्यात दाब वाढला की डोळ्याच्या मागच्या नसेचं तोंड सुजतं, आणि डॉक्टरांना ते दिसतं. ही सूज फार दिवस राहिली तर नजर जाऊ शकते, आणि गेलेली नजर बहुतेक वेळा परत येत नाही. नस सुजलेली असेल तर सहा आठवड्यांचा विषय संपला, तो कागद घेऊन थेट मेंदूच्या सर्जनकडे जा. नस ठीक असेल तर मिरजेच्या डॉक्टरांचं ऐकून थांबायला माझी हरकत नाही. तुमच्या जागी मीही थांबले असते, पण हात जोडून बसले नसते.

थांबायचं म्हणजे विसरायचं नाही. एक दोनशे पानी वही करा. रोज सकाळी लिहा, डोकं दुखलं का, किती वाजता, उलटी झाली का. दर रविवारी चौकटीच्या कागदावर तिला उजव्या हातानं दहा ठिपके एका ओळीत मांडायला सांगा, खाली तारीख घाला. मग अंगणात चुन्याची सरळ रेघ ओढा, तिला टाचेला पंजा लावून चालू द्या, आणि दहा पावलं मोबाइलवर टिपून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टर विचारतील, ‘फरक आहे का?’, तेव्हा ‘थोडा वाटतो’ म्हणू नका. वही त्यांच्यासमोर उघडी ठेवा. सहा रविवारांचे ठिपके एकाखाली एक बघितले की कुठल्याही डॉक्टरला तुमच्या दहा वाक्यांपेक्षा जास्त कळेल. तिला मात्र ही परीक्षा वाटू देऊ नका. ठिपके चुकले तर हसायचंही नाही आणि हळहळायचंही नाही.

आणि या गोष्टी दिसल्या तर सहा आठवडे, वही, रविवार काही बघू नका. उलट्या रोज आणि जोरात व्हायला लागल्या, ती सुस्तावली, हाक मारून उठवावं लागतंय, एकाच्या दोन वस्तू दिसतात, मान एका बाजूला धरून ठेवते किंवा ताठ होते, श्वास विचित्र चालतो. यातलं काहीही झालं की त्याच क्षणी गाडी काढा. रात्र असली तरी, बागेत माणसं लावलेली असली तरी. जायचं तेही जवळच्या कुठल्याही दवाखान्यात नाही. मेंदूचे सर्जन आणि मुलांचा अतिदक्षता विभाग दोन्ही आहेत अशा रुग्णालयात जायचं, आणि ते कुठलं, तिथला फोन नंबर काय, हे आजच ठरवून भिंतीवर लिहून ठेवा. तासगावहून मिरज जवळ आहे, हे तुमचं नशीब. तिकडे आटपाडी-जतच्या आयांना ही सोय नाही. अशा वेळी वाटेत कुणी मेडिकलवाल्याकडून डोकेदुखीची गोळी देऊन बघू नका. एरवी पॅरासिटामॉल चालेल, ॲस्पिरिन मुलांना अजिबात नको. आणि सूज उतरवायची स्टेरॉइडची गोळी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही.

शस्त्रक्रिया ठरली तर सर्जनला काय विचारायचं? सगळं काढणार की दाबापुरतं? लर्मिट-डुक्लोसमध्ये बिघडलेला भाग कुठे संपतो आणि चांगला कुठे सुरू होतो, याची स्वच्छ सीमा नसते. म्हणून अनेकदा हट्टानं सगळं काढत नाहीत, आणि राहिलेलं पुढे कधी परत वाढू शकतं. ‘अर्धंच काढलं’ असं त्यांनी सांगितलं तर ती हयगय समजू नका. पाण्याला वाट करून देण्यासाठी शंटची नळी किंवा दुसरा मार्ग लागेल का, तेही विचारा. लहान मेंदूच्या मधल्या भागातली शस्त्रक्रिया असेल तर एक-दोन दिवसांनी काही मुलं बोलायचीच थांबतात. ते हळूहळू, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतं. तुमच्या लेकीचं दुखणं एका बाजूला असल्यानं हा धोका कमी, पण आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर आई अतिदक्षता विभागाच्या दारातच कोसळते. हे मी बघितलंय.

सासूबाईंचं ‘मेंदूला सुरी लागली की पोर हातची जाते’ हे त्यांच्या तरुणपणी पुष्कळ खरं होतं. तेव्हा एमआरआय नव्हता, सर्जनला जवळजवळ अंदाजानं आत जावं लागायचं. त्यांना अडाणी म्हणू नका, त्यांनी पाहिलेलं आहे. पण आज या शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली होतात, आणि आधी नकाशा हातात असतो. नवस बोलायचा तर बोलू द्या, तासगावच्या गणपतीला नारळ वाढवू द्या, माझी काही तक्रार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख मात्र नवसासाठी पुढे ढकलायची नाही. लग्नाचं मी लिहितच नाही. मुलगी बारा वर्षांची आहे.

खर्चासाठी बाग गहाण टाकायच्या गोष्टी घरात सुरू झाल्या असतील, म्हणून सांगते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राची खिडकी असते. रेशनकार्ड आणि आधार घेऊन भरती व्हायच्या आधी त्या खिडकीशी जा. नंतर गेलात तर कागद हलत नाहीत.

शाळा बंद करू नका. सायकल बंद, झाडावर चढणं बंद, विहिरीत पोहणं बंद, एवढं पुरे. वर्गशिक्षकांना खरं सांगा, म्हणजे अक्षर बिघडलं किंवा ती उठताना डगमगली तर कुणी ओरडणार नाही. तुम्ही अनुभव घेतलाच आहे.

आता तुमच्यासाठी दुसऱ्यांदा पत्र का वाचलं, ते सांगते. तुम्ही लिहिलंत, घराण्यात असं कुणाला काही नाही, आणि त्याच ओळीच्या पुढे लिहिलंत, माझी तेवढी थायरॉइडची गाठ काढली. आणि त्याच्या पुढे, पोरीचं डोकं जन्मापासून मोठं. तुम्हाला ही तीन वाक्यं वेगवेगळी वाटली. मला नाही वाटली.

पीटेन नावाचं एक जनुक आहे, दहाव्या गुणसूत्रावर. पेशींनी कुठे थांबायचं हे सांगणं त्याचं काम. त्यात बिघाड असला की शरीरात ठिकठिकाणी वाढ थांबत नाही, बहुतेक वेळा साधीच वाढ. याला काउडन सिंड्रोम म्हणतात. १९६३ मध्ये पहिल्यांदा नोंदलं गेलं तेव्हा रुग्णाच्याच आडनावावरून नाव पडलं. जनुक सापडलं १९९७ मध्ये. डोकं मोठं असणं, थायरॉइडच्या गाठी, हिरड्यांवर आणि नाका-गालांवर बारीक टणक पुळ्या ही त्याची ओळख, आणि लहान मेंदूतला लर्मिट-डुक्लोस ही त्याची एक मोठी खूण. प्रौढांमध्ये हा संबंध फार घट्ट आहे. मुलांमध्ये तितका नेहमी सापडत नाही, म्हणून मी ‘आहेच’ म्हणत नाही. पण तुमची गाठ आणि तिचं डोकं एकत्र ठेवल्यावर न विचारता पुढे जाणं मला जमणार नाही.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. लिहिते कारण या बिघाडात बाईला स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता इतरांपेक्षा खूप जास्त असते. थायरॉइडचा आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचाही धोका वाढतो. आधी कळलं तर नियमित तपासण्यांत ते सुरुवातीलाच सापडतं. सापडायच्या आधी तुम्ही बाग, सासू, लेक, छाटणी यांच्यामागे स्वतःला विसरणार, हे मला इथे बसून दिसतंय. आठ पानांत तुमच्या स्वतःच्या तब्येतीवर एकच ओळ होती, आणि तीही ‘तेवढी’ म्हणून उडवलेली.

तुमच्या थायरॉइडच्या शस्त्रक्रियेचा तपासणी अहवाल शोधा. ट्रंकेत, लग्नाच्या फायलीत, जिथे असेल तिथे. तो घेऊन तुम्ही दोघी जनुकांच्या तज्ज्ञांकडे जा. मोठ्या रुग्णालयांत असा विभाग असतो, तुमच्या बालमेंदूतज्ज्ञांकडून चिठ्ठी घ्या. चाचणी रक्ताची आहे, किंमत आधी विचारा. बिघाड निघाला तर लेकीची थायरॉइडची सोनोग्राफी दरवर्षी करावी लागेल, आणि तुमच्या स्तनांच्या तपासण्या सुरू होतील. हा बिघाड आईकडून किंवा वडिलांकडून येतो, प्रत्येक मुलात येण्याची शक्यता निम्मी, म्हणून धाकट्या मुलांचा प्रश्नही तिथेच निघेल. कधी कधी तो पहिल्यांदा मुलातच उपजतो आणि आई-वडिलांत नसतो. निघाला नाही तर तुमची गाठ खरोखरच ‘तेवढी’च होती, आणि मी तुमची माफी मागेन. दरम्यान आंघोळीच्या वेळी स्वतःच्या छातीवरून हात फिरवून बघा, काही लागलं तर थांबू नका.

आज संध्याकाळी एक काम करा. शिवणाची टेप घ्या, खेचून ढिली झालेली नको. लेकीच्या भुवयांच्या वरून, कानांच्या वरून, मागे डोकं जिथे सगळ्यात फुगीर आहे तिथून फिरवा. वेणी सोडून, तीनदा मोजा, मोठा आकडा लिहा. मग तिला टेप द्या आणि तुमचं डोकं मोजायला सांगा. मोठ्या बाईसाठी ५८ सेंटिमीटर किंवा वर हा आकडा डॉक्टर मोठं डोकं म्हणून धरतात. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि एका कागदावर मलाही पाठवा.